कॉम्प्युटरची खंडेनवमी

॥ श्री ॥

परभणी,
११ सप्टेंबर १९८८

तीर्थरूप बापूंस,
कावेरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आत्याकडे सगळे खुशाल आहेत. आत्याचा रेडिओ मात्र तितकासा खुशाल नाही. त्यात खरखर होती म्हणून मी तो उघडला. खरखर गेली, पण आता परभणी केंद्र लागायला कुणीतरी तारेला हात लावून उभं राहावं लागतं. आत्या म्हणते, बातम्या ऐकू का भाकरी थापू ते एकदा ठरवून दे. येत्या रविवारी नीट करून देणार आहे.

मोठी बातमी ही की आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला! सरकारनं दिला. प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत ठेवलाय, दाराला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. चपला बाहेर काढायच्या, हातपाय धुवायचे, मगच आत. शिपाईणबाई सरजाबाई तर रोज त्याला उदबत्ती ओवाळते. विज्ञानाचे सर औरंगाबादला जाऊन शिकून आलेत. ते बटणं दाबतात आणि आम्ही रांगेत बसून नुसतं बघतो. परवा सर कुठे चुकले ते मला त्यांच्या आधी कळलं. पण तुम्ही तोंड आवरायला सांगितलंय, म्हणून गप्प बसले.

शाळा सुटल्यावर थांबून शिकायचं तर वडिलांची चिठ्ठी लागते. तेवढी पाठवाल ना? आईला नमस्कार.

तुमच्या आशीर्वादाची आणि त्याहून जास्त चिठ्ठीची वाट पाहणारी,
कावेरी

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
१८ सप्टेंबर १९८८

चि. कावेरीस बापूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चिठ्ठी सोबत आहे, पण ती देण्याआधी पुढचं वाच. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तू उघडलास त्याला वर्ष झालं. आपला सटवाजी अजून तो काठीनं चालू करतो. कावेरीअक्काचा हात लागलेला हाय मालक, लय भ्या वाटायलंय, असं म्हणतो. त्याआधी माझी बॅटरी आणि तुझ्या आईचं घड्याळ. घड्याळ तेव्हापासून दुपारी जेवायच्या वेळेला थांबतं, आणि तुझी आई ते थांबलं की ताट वाढते.

घरचं ठीक आहे, घरचं आपण सोसू. शाळेचं नाही. सगळे भाऊबंद नको म्हणत असताना मी तुला नववीला परभणीला ठेवलं. शाळेतून एक जरी तक्रार आली तरी नाव काढून घरी आणीन. हे मी रागानं नाही, विचार करून लिहितोय.

खंडेनवमीला शाळेतल्या यंत्रांच्या पूजेला हेडमास्तरांनी मला बोलावलंय, आपल्या नृसिंहाचं तीर्थ घेऊन या म्हणाले. मी येणार. आपल्या मोटारीवर दरसाल मी स्वतः तीर्थ घालतो, म्हणून ती चालते. तुझ्या पेचकसानं नव्हे.

अभ्यास कर, हात आवर, आणि पत्रं धाडत जा.
बापू

॥ श्री ॥

परभणी,
२५ ऑक्टोबर १९८८

ती. दादास,
सुमंगलाचा सा. न. वि. वि.

खंडेनवमीला तू आलास, शाल-श्रीफळ घेऊन गेलास, अजून गल्लीत त्याचीच चर्चा आहे. आज मात्र नको ते लिहावं लागतंय. आधी पाणी पी आणि मग वाच.

दसऱ्याची सुटी संपून काल शाळा उघडली तर कॉम्प्युटर बिघडलेला. एक बटण दाबलं की तेच अक्षर पडदाभर धावतं म्हणे. आणि संध्याकाळी सरांनी आपल्या कावेरीला त्याच खोलीत पकडलं. कॉम्प्युटरचं झाकण उघडं, हातात माझ्या शिलाई मशीनचा पेचकस! खोली झाडायला सरजाबाईनं दार उघडलं होतं, तिच्या पाठोपाठ ही आत शिरली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. दिवाळीच्या सुटीआधी तपासणीला साहेब येणार आहेत, बिचारे घामाघूम झालेत. पोरीनंच मोडला असं सगळ्यांचं मत आहे, आणि वडिलांनी येऊन नाव काढून न्यावं म्हणाले.

मी तिला घरी विचारलं. गोड बोलून विचारलं, एक चापटही दिली. उघडला म्हणते, मोडला नाही म्हणते, मग कुणी मोडला म्हटलं की तोंडाला कुलूप. जेवलीही नाही. दादा, ही पोर उचापती आहे पण खोटारडी नाही. माझा रेडिओसुद्धा तिनं कबूल केल्याप्रमाणे नीट करून दिला. तू एकदम उठून येऊ नकोस, आधी तिला लिही.

माझ्यावरचा लोभ शाबूत असेल तर एवढं ऐकशील.
तुझी सुमंगला

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
२७ ऑक्टोबर १९८८

चि. कावेरीस आशीर्वाद.

तुझ्या आत्याचं पत्र आलं. मी मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं येतोय. ट्रंक भरून ठेव. मी काय बोललो होतो ते तुला पाठ असेल.

तरीपण तुझी आत्या म्हणते म्हणून एकदा विचारतो. कॉम्प्युटर कुणी मोडला? तुला नृसिंहाची आण आहे, खरं ते लिही. कुणाला पाठीशी घालत असशील तर त्यानं तुझ्यासाठी काय केलंय याचा विचार कर. सटवाजी शनिवारी बाजाराला येतोय, उत्तर त्याच्याच हाती दे.

बापू

॥ श्री ॥

परभणी,
२९ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप बापूंस,
कावेरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सटवाजीकाका ओट्यावर चहा पितायत. एस.टी. चुकायलीय म्हणून दर घोटाला ओरडतात. नृसिंहाची आण घातलीत, म्हणून लिहिते. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

कॉम्प्युटर तुम्ही मोडलात.

खंडेनवमीला तराजू झाला, हार्मोनियम झाली, सूक्ष्मदर्शक झाला, आणि शेवटी तुम्ही कॉम्प्युटरपुढे बसलात. हेडमास्तर म्हणाले, दिनकरराव, हात आखडू नका. तुम्ही आखडला नाहीत. प्रत्येक बटणाला हळदकुंकू, वर अक्षता, मग तीर्थ, मग नारळ फोडून त्याचं पाणी, आणि पेढाही तिथेच ठेवलात. मी मागे उभी होते. थांबा म्हणावंसं वाटलं, पण एवढ्या माणसांत वडिलांना थांबवायचं कसं? तुम्ही खूप खूश होतात. विहिरीला पाणी लागलं तेव्हा होतात तसे.

मग सुटीभर तो झाकून राहिला. मी बटणांच्या पेटीचं झाकण उघडलं ते नंतर, सोमवारी. आत कुंकवाचा चिखल वाळून बसलेला, अक्षता रुतलेल्या, आणि पेढ्याच्या चुऱ्याला मुंग्या लागलेल्या. मी प्रयोगशाळेतल्या स्पिरिटनं निम्मं पुसलं होतं तेवढ्यात सर आले. न विचारता उघडला हा माझा गुन्हा, तो कबूल आहे.

शाळेत तुमचं नाव घेतलं असतं तर ज्यांनी शाल घातली तेच हसले असते. ते मला बघवलं नसतं. पण बापू, मला शाळा सोडायची नाही. तो नीट होतो हे मला माहीत आहे, आणि मला कुणी हात लावू देत नाही. याचंच रडू येतं. ट्रंक भरलेली नाही. तुम्ही आल्यावर म्हणालात तर भरीन.

राग उतरला की पहिल्यासारखी माया करा, एवढंच मागणं.
कावेरी

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

पोखर्णी,
५ नोव्हेंबर १९८८

चि. सुमंगलास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तुझ्या दारात थांबलो नाही. एस.टी. सुटत होती हे खरं, आणि तुझ्यापुढे हे तोंडानं सांगणं जमलं नसतं हेही खरं. म्हणून लिहितो.

पोरीचं पत्र वाचून आधी संताप आला. माझ्या पूजेनं मशीन मोडतं? सटवाजीला मोठ्यानं वाचून दाखवलं, तर तो मान खाली घालून म्हणाला की मालक, मोटारीलाबी दसऱ्यानंतर चार दिस न्हाई चालायची सवय हाय, मीच पुसून पुसून चालू करतो, तुमाला कोन सांगावं? मग मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या घरात मला खरं सांगायची कुणाची छाती होत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

शाळेत गेलो आणि सरळ हेडमास्तरांना सांगितलं की तुमचा कॉम्प्युटर मी मोडला. ते इतके गोंधळले की मलाच पाणी दिलं. हात आखडू नका असं आपणच म्हणालो होतो हे त्यांना आठवलं. मग म्हणाले, बाहेर बोलू नका, तीर्थानं यंत्र बिघडलं म्हटलं तर नृसिंहाची बदनामी होईल. मी म्हटलं, ज्यानं खांब फोडला त्याला ही बटणं म्हणजे किस झाड की पत्ती! नृसिंहालाही हसू आलं असेल. पोरीला बोलवा आणि माझ्यादेखत उघडू द्या.

तिनं उघडला. सर एका बाजूला, हेडमास्तर दुसऱ्या बाजूला, आणि आमची कावेरी मधे पेचकस घेऊन. आत अंधार होता, म्हणून तिनं न बघताच मागे बॅटरी दिली आणि म्हणाली, नीट धरा, हलवू नका. बॅटरी कुणाच्या हातात दिली ते तिला कळलंच नाही. ती माझ्या हातात होती. एक एक बटण तिनं काढलं, पुसलं, वाळवलं, आणि माझ्या अक्षता माझ्याच रुमालावर काढून ठेवल्या. माझा हात भरून आला तरी मी हलवला नाही. सुमे, या घरात मी आजवर सगळ्यांना हुकूम केले. पोटच्या पोरीचा हुकूम पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो आवडला. बटण दाबल्यावर एकच अक्षर उमटलं तेव्हा मी एवढ्या जोरात शाब्बास म्हणालो की सरजाबाई दारातून पळाली.

साहेब काल तपासून गेले, कॉम्प्युटर चालला, असा हेडमास्तरांचा निरोप आला. विचारल्याशिवाय हात लावल्याबद्दल तिला त्यांनी आठवडाभर खोली झाडायची शिक्षा दिली आहे. ती शिक्षा ऐकून ती खूश झाली म्हणे, कारण झाडायला किल्ली मिळते.

नाव काढायची गोष्ट मी मनातून काढून टाकली आहे. भाऊबंदांना काय सांगायचं ते मी बघतो. दहावीनंतर पुढे काय शिकायचं ते तूच तिला विचार. मी विचारलं तर ती मला आवडेल तेच सांगेल. तिला स्वतःला काय हवं ते मला ऐकायचं आहे. जे म्हणेल ते कळव.

दिवाळीला दोघी या. लोभ धाकट्या बहिणीनं थोरल्यावर करायचा असतो, तो करत जा.
तुझा दादा,
दिनकर