बापूंचा बंधारा

डोंगरवस्ती, लिंबागणेश
१० मे १९८७

ती. सौ. वत्सलाअक्कास,
सुग्रीवचा सा. न. वि. वि.

आपल्या रानातला बापूंचा मातीचा बंधारा पार कोरडा पडलाय. पण मी हातावर हात धरून बसलो नाही. गावाला सांगितलं, गाळ फुकट न्या! रोज बैलगाड्यांची जत्रा भरतेय, खोली दुप्पट झालीय. यंदा भरला की रब्बीला गहू, आणि ऊसतोडीला रामराम. गेल्या खेपेला अंजना कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत बाळंत झाली, ते हाल तुला ठाऊक आहेत. मार्गशीर्षात पुन्हा तिचे दिवस भरतील. हे लेकरू घरात जन्मावं, एवढीच इच्छा.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती वाढती असू दे.

तुझा सुग्रीव

परळी, २० मे

चि. सुग्रीवास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे म्हणाले, मेहुणा इंजिनियर झाला! पण काय रे, खाली मुरूम तर नाही ना लागला? पिवळी चिकण माती दिसली की बापू फावडं थांबवायचे. तीच पाणी धरून ठेवते म्हणायचे. तू लहानपणी पिठल्याची कढईसुद्धा खरवडून खायचास, म्हणून विचारते. अंजनाला गाळाच्या पाट्या उचलू देऊ नकोस.

बहिणीची आठवण ठेव.

तुझी अक्का

लिंबागणेश, ६ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मुरूमच उकरत होतो. लाजेनं कळवलं नाही. पोळ्याच्या पावसात बंधारा सांडव्यापर्यंत भरला, मी पेढे वाटले, आणि आठवड्यात तळ दिसला. सगळं पाणी मुरुमातून झिरपून गेलं. अंजना रागावली नाही. कोयत्याला धार लावून आना, एवढंच म्हणाली. ते फार लागलं. ऊसतोडीला न्यायला मुकादम दसऱ्यानंतर ट्रक आणणार आहे.

वर गंमत बघ. बंधाऱ्याखालच्या चाँदभाईच्या विहिरीत इतकी वर्षं कबुतरं राहत होती. ती विहीर काठोकाठ भरली! त्यानं आनंदानं मलाच सीताफळं पाठवली. खाल्ली, काय करणार?

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

सुग्रीव

परळी, १४ सप्टेंबर

चि. सुग्रीवास आशीर्वाद.

रागावणारच होते, पण कबुतरांपाशी आले आणि हसूच फुटलं. अरे, पाणी पळालं नाही, शेजारी राहायला गेलंय. चाँदभाईला सरळ सांग. सीताफळं खाताना नाही लाजलास, आता काहून लाजतोस? तुला जमत नसेल तर मी एस.टी.नं येते. पोटुशी बाई फडावर जाता कामा नये, हे माझं शेवटचं.

लगेच कळव, जीव टांगणीला आहे.

अक्का

लिंबागणेश, २८ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेलो. आधी बराच वेळ बैलांचंच बोललो, मग सांगून टाकलं. चाँदभाई हसून हसून खाली बसला. म्हणाला, बे सुग्रीव, मला वाटलं दुवा कबूल झाली, आन् ही तर तुझी करामत! मग गंभीर झाला. विहिरीवरचं इंजिन त्याचं, पाणी माझं. एक दिवस त्याच्या रानाला, एक दिवस आपल्या, असं ठरलं. त्याच्या घरच्या जुलेखाभाभींनी अंजनाला बजावलंय, औंदा कुठं जायचं न्हाई, बाळंतपणाला मी हाय. मुकादमाला नाही म्हणून आलो. ते ऐकून अंजना रडली. मीही.

आता ती ओसरीवर पेरणीचा गहू निवडतेय. म्हणते, अक्काला लिव्हा, मार्गशीर्षात या. आन् तुमी तेवढी चाँदभाईची विहीर मातर उकरू नगा.

वाट पाहतो. माया असावी.

तुझा सुग्रीव