कॉम्प्युटरवरचे ठाकोरजी

कृपाली बेटा,

“मम्मी, पान जुनंच दिसलं तर ब्राउझरमध्ये साठलेल्या फायली पुसा, पासवर्डच्या खुणेला मात्र हात लावू नका,” असं तू सांगितलं होतंस. आज तसंच केलं. डॉक्टरांनी तुला झोपून राहायला सांगितल्यापासून मी हवेलीच्या देवळातल्या ठाकोरजींचं दर्शन कॉम्प्युटरवरच घेते आणि मगच पाणी पिते. रोज हिरवाच पोशाख दिसायचा. काल शेजारच्या भानुबेन हसल्या, “अगं, तुझ्या डब्यातले ठाकोरजी कपडे बदलत नाहीत का? हवेलीत तर आज गुलाबी होते!” तेव्हा कळलं, मी शिळ्या दर्शनावर जेवत होते.

फायली पुसल्यावर आजचं केशरी रूप दिसलं, तरी मनाचं समाधान होईना. गेल्या वेळी जे झालं त्यानंतर बाळासाठी धरलेला नेम आहे, तो अर्धामुर्धा नको. तू मात्र स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

हांडवा झाकून ठेवलाय. भानुबेन बाहेरच्या खोलीत बसल्या आहेत, त्या गरम करून देतील. पाणीसुद्धा त्यांच्याकडेच माग, उठू नकोस.

मी अजून काही घेतलेलं नाही. हवेलीत समोर उभी राहून दर्शन घेते आणि परत येते. तुझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊनच निघते आहे.