लाल झाकणाचं भांडं

भोईवाडा, परळ
२१ जानेवारी २०२५

आदरणीय दादास,
कांताचा स. जयभीम. वि. वि.

पत्र बघून हसशील. परळ ते माहीम काय लांब आहे? पण करू काय. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं मशीन तू कपाटात ठेवतोस, आणि मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. वाकडं असलं तरी वाच.

रविवारी तुझ्या संघमित्राच्या साखरपुड्याला मी माझा डबा काढून खाल्ला, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. तू सगळ्यांसमोर विचारलंस, "कांते, आमच्या घरचं पाणीपण चालत नाही का तुला आता?" व्याही मंडळी बघत राहिली. मी बोलले ते तुला ऐकू गेलं नाही, आणि ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहिते.

मला शेंगदाणे चालत नाहीत. दिवाळीनंतर कळलं. दादरच्या पोळीभाजी केंद्रात सकाळी दाणे भाजायचं काम माझंच होतं. भाजता भाजता चार तोंडात टाकायचे, ही जन्माची सवय. त्या दिवशी टाकले आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला. पोरींनी टॅक्सीत घालून नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, दाण्यांची ॲलर्जी. मी म्हटलं, बाई, मी भाकरीबरोबर दाण्याची चटणी खाऊन मोठी झाले. ती म्हणाली, कोणत्याही वयात होते, आणि पुढच्या वेळी श्वास बंद होईल. दाणा नको, कूट नको, कूट लागलेला चमचापण नको. एक इंजेक्शन दिलंय, ते पर्समध्ये असतं. प्रितीला मांडीत टोचायला शिकवलं. माझी सून झुरळाला घाबरते, पण हे शिकली.

तुझ्या घरचं पाणी चालतं रे. पण त्या दिवशी एकच पिंप, आणि चिवडा खाल्लेले हात सगळे त्यात बुडत होते.

काम सुटलं. तिथं हवेतच कूट आहे. प्रितीने माझं ताट, पेला, पळी फळीवर वेगळं ठेवलंय. मला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही. वाढलं की जेवते, जेवले की उठते.

राग असेल तर लिही, पोटात ठेवू नकोस. आहे ती माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
कांता


माहीम
२८ जानेवारी २०२५

चि. कांतास,
दादाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र मिळाले. दोनदा वाचले. एवढे मोठे दुखणे झाले आणि मला ते आता पत्रातून कळते. मी मोठ्याने बोलतो म्हणून मला सांगायचे नाही, हा कुठला न्याय? मला माझा आवाज ऐकू येत नाही, यात माझा काय दोष.

आता माझे ऐक. तू गेल्यावर व्याह्यांच्या काकांनी मला विचारले की तुमच्या भगिनींनी कुठल्या बुवाची माळ घातली आहे का. आपल्या घरात असा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. मी मान खाली घातली.

तू मुंबईत जन्मलीस, तुला गाव माहीत नाही. गावी एस. टी. थांब्यावरच्या हॉटेलात आपल्या माणसांच्या कपबश्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या असत. आपणच काढायच्या, आपणच धुवायच्या, परत टांगायच्या. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यातून चहा प्यालो आहे. कपाला कान नव्हता. अजून आठवतो.

आणि बाबा. ते गिरणीत लागले तेव्हा आपल्या माणसाला साचेखात्यात, कापड विणायला, घेत नसत. साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपण तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? साच्यावर पगार बरा, पण बाबा जन्मभर दुसऱ्या खात्यात राहिले. मी साच्यावर लागलो त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले. त्याच साच्यांच्या आवाजाने माझे कान गेले. मी कधी कुरकुर केली का?

तेव्हा माझ्या घरात माझ्याच बहिणीला वेगळे भांडे लागणार नाही. नऊ तारखेच्या रविवारी ये. वहिनी मटकीची उसळ करील, दाण्याचा एक कण घालणार नाही. सगळ्यांना एकच भाजी, एकाच पातेल्यातली. तेल नवे आणतो. डबा आणलास तर उंबऱ्यातूनच परत पाठवीन, हे लक्षात ठेव.

तब्येत सांभाळ. प्रितीला आशीर्वाद. तू माझ्यावर रुसलीस तरी चालेल, परकी होऊ नकोस.

तुझा,
बाबुराव


भोईवाडा, परळ
१७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादास,
कांताचा स. जयभीम.

घरी आले. बरी आहे, ते आधी सांगते.

तू हॉस्पिटलात बाकावर बसला होतास ते मी बघितलं. मी झोपलेली नव्हते, डोळे मिटले होते. बोलायचं काही नव्हतं म्हणून.

वहिनीची चूक नाही, हे तिला सांग. ती रडून रडून प्रितीला तेच सांगत होती. उसळीत कूट नव्हतं. पण वाटण मिक्सरच्या त्याच भांड्यात काढलं, ज्यात रोज दाण्याची चटणी होते. धुतलेलं होतं. पात्याखाली कूट बसतं ते धुतल्याने जात नाही. मी केंद्रात तीच भांडी घासायचे, मला माहीत आहे. मी विचारायला पाहिजे होतं. पण भावाच्या दारात उभं राहून भांडी तपासायची, त्यापेक्षा डबा आणलेला काय वाईट होता?

तिसऱ्या घासालाच कळलं. प्रितीने साडीवरूनच सुई टोचली, बरं झालं तिला मी बरोबर आणली. तू भाकर वाढायला घेतली होतीस, ती हातात तशीच. सारखं विचारत होतास, काय म्हणते, काय म्हणते. मी काही म्हणत नव्हते, दादा. माझा आवाज बंद झाला होता. पहिल्यांदा तुझ्यामाझ्यात ऐकू न येणं सारखं झालं.

तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. येत नाही. रडूपण येत नाही. प्रिती विचारते, आई, भाजी कशी झाली. मी म्हणते चांगली. कशी झाली मला कळतच नाही. जिभेवर कोणी चामडं पसरल्यासारखं.

बाबांच्या धोट्याचं लिहिलंस ते खरं. ते वाचून मी डबा घरी ठेवून आले. पण बाबांना लोकांनी तोंड लावू दिलं नाही. मला माझंच अंग लावू देत नाही. यात शिव्या कोणाला घालायच्या? मोर्चा कोणावर काढायचा?

माहेर म्हणजे काय, तर जाऊन टोपलं उघडायचं आणि न विचारता खायचं. ते आता नाही. कोणी काढून घेतलं नाही, आपोआप गेलं.

लग्नाला येणार नाही. पोरीच्या मंगल दिवशी माझी काळजी कोणाला नको. साडी प्रितीच्या हाती पाठवते, पांढरी आहे, निळ्या काठाची. संघमित्राला आवडली नाही तर बदलून घेऊ दे, दुकानदाराशी बोललेय.

मनात काही धरू नकोस. मीही धरत नाही, धरायला काही सापडत नाही.

तुझी,
कांता


माहीम
११ मार्च २०२५

कांताबाईंना मीरावहिनीचा जयभीम.

मी पत्र लिहायची नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हे लिहीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तिला बोलवायचा मला हक्क राहिला नाही. म्हणून मीच बसले.

तुमच्या दादांनी मला कसं भंडावलंय ते ऐका. हॉस्पिटलातून आले ते थेट मोरीत. मिक्सरचं भांडं घेतलं, जुना दातांचा ब्रश घेतला, आणि पात्याखाली घासत बसले. आत खरंच कूट निघालं, काळं पडलेलं. ते बोटावर घेऊन बघत राहिले. जेवायला हाक मारली तर ऐकू आलं नाही, का ऐकलं नाही, देव जाणे म्हणायची आपल्यात सोय नाही.

संघमित्रा म्हणाली, पप्पा, आत्यासाठी मिक्सरचं एक वेगळं भांडं आणू, विषय संपला. आधी ऐकेनात. मग एक दिवस स्वतःच दादरला जाऊन घेऊन आले, लाल झाकणाचं. फळीवर वेगळं ठेवलं, त्यावर फडकं घातलं. आणि जेवायला बसले की त्या फळीकडे पाठ करून बसायचे. मी म्हटलं, अहो, ते प्लास्टिकचं झाकण आहे, तुम्हाला चावत नाही. तर उठूनच गेले.

मागच्या आठवड्यात सकाळी मी दूध आणायला खाली गेले. वर येते तर दाण्यांचा डबा रिकामा, चटणीची बरणी रिकामी, चिवडापण नाही. सगळं शेजारच्या कांबळेबाईंना देऊन टाकलेलं. जुनं मिक्सरचं भांडं, लाकडी पळी, दाणे भाजायचा तवा भांडीवालीच्या टोपलीत. आणि लाल झाकणाचं भांडं मिक्सरवर लावलेलं. मी विचारलं, हे काय चाललंय? तर केवढ्याने बोलले, खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल. म्हणाले, "वेगळं भांडं राहणार नाही. दाणे राहणार नाहीत."

तर आता आमच्या घरात दाणे नाहीत, कांताबाई. कोणालाच नाहीत. मी विचारलं, कोशिंबिरीत काय घालू? म्हणाले, काकडी घाल. यांना दाण्याच्या चटणीशिवाय भाकर जायची नाही, आता कोरडी तिखटाबरोबर खातात आणि तोंड वाकडं करत नाहीत. मीच करते.

लग्नाच्या आचाऱ्याकडेही जाऊन आले. मसालेभातात नको, चटणीत नको, तेल शेंगदाण्याचं नको. आचारी हसला, म्हणाला एका बाईसाठी सबंध हॉलला का? यांनी त्याला काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. व्याह्यांनाही सांगून आले, आणि त्या माळवाल्या काकांना मुद्दाम.

या किंवा नका येऊ, तुमचा जीव आहे. मी आग्रह करणार नाही, माझ्या आग्रहाचं काय होतं ते बघितलं. पण हे रोज जिन्याकडे तोंड करून बसतात.

आमच्यावर आहे तेवढी ओढ राहू द्या.

तुमची वहिनी,
मीरा


भोईवाडा, परळ
९ एप्रिल २०२५

आदरणीय दादास,
कांताचा स. जयभीम. वि. वि.

लग्न चांगलं झालं. संघमित्रा माझ्या साडीत छान दिसली, बदलली नाही ते बरं केलं. पंचशील घेताना तू सगळ्यांच्या एक ओळ मागे होतास आणि सगळ्यांत मोठ्याने होतास. भन्तेजी थांबले तुझ्यासाठी. तुला कोणी सांगितलं नसेल, मी सांगते.

मी येईन असं मलाच वाटत नव्हतं. वहिनीचं पत्र वाचून काही वाटलं असंही नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं, इंजेक्शनशेजारी. लग्नाच्या सकाळी साडी नेसले आणि प्रितीला म्हटलं चल. ती डबा भरायला लागली. मी म्हटलं, ठेव तो.

आता जेवणाचं. मसालेभात बेचव होता. दाणे नसले की भात तसाच लागतो, त्यात आचाऱ्याने मीठ कमी घातलं. चटणी म्हणजे नुसता हिरवा पाला. तुझ्या व्याहीणबाई दोनदा पान चाळून बघत होत्या, काहीतरी राहिलंय म्हणून. कोणी बोललं नाही. माळवाले काका तिसऱ्यांदा भात मागत होते, त्यांचं काही खरं नाही.

पण तू. तू जेवायला बसलाच नाहीस. माझ्यासमोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी घास घेतला की तुझा गळा हलायचा. मी गिळलं की तू श्वास सोडायचास. सबंध पंगत माझ्याकडे बघायला लागली. पोरीचा बाप, डोक्याला फेटा, आणि बहिणीचा घसा राखत उभा. मी हाताने खूण केली, बस, जेव. तू मान हलवलीस आणि तिथंच उभा. तेव्हा मला तुझा असा राग आला, दादा, वाटलं भाताचं ताट तुझ्या डोक्यावर उपडं करावं.

घरी येऊन कळलं, राग आला होता. कितीतरी महिन्यांनी काहीतरी आलं होतं. रात्री प्रितीने विचारलं, आई, लग्नातला भात कसा होता. मी म्हटलं अळणी. ती माझ्याकडे बघत राहिली. दिवाळीनंतर मी पहिल्यांदा कशाला तरी नाव ठेवलं होतं.

बाकी आहे तसंच आहे. दुसऱ्या कोणाकडे जात नाही, बाहेरचं खात नाही, केंद्राकडून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथने जाते. घरी प्रितीला सांगितलं, माझं ताट त्या वेगळ्या फळीवरून खाली घे. तिने घेतलं, आणि दाण्याचा डबा तिच्या माहेरी नेऊन दिला. माझा पोरगा दोन दिवस कुरकुरला, आता गप आहे.

चौदा एप्रिलला येते. वहिनीला सांग, मटकीची उसळच कर, तीच अर्धी राहिलीये. मीठ नीट घालायला सांग. भांडी तपासणार नाही. डबा आणणार नाही. बाटलीपण नाही. तू मात्र माझ्याबरोबर खाली बसून जेवायचं, उभं राहायचं नाही, आणि कानाला मशीन लावायचं. मी एकदाच बोलणार, कागदावर परत लिहीत बसणार नाही.

सुई आणीन. ती आणावीच लागेल. पण ते वेगळं भांडं नाही.

माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस, बाकी जीव लाव तेवढा लाव.

तुझी,
कांता