दोन जावई आणि एक स्विच

ती. बाबा,

थोरल्या जावयाचा नमस्कार. (वाकूनच केला असता, पण पाठ धरली आहे. कारण खाली येईलच.) आपले गुडघे कसे आहेत? आईंचा खोकला थांबला का? डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं आपण खरंच फिरता, की आईंना सांगून नुसते गच्चीवर जाऊन बसता, हे विचारायचं धाडस करत नाही. आम्ही इकडे ठीक, म्हणजे वेळेवर जेवतो.

रविवारी कंपनीत काय झालं याची एक बाजू आपल्या कानावर आलीच असेल. सांगणाऱ्या आपल्या मुली दोघी असल्या तरी बाजू एकच आहे, म्हणून दुसरी कळवतो.

आमची कंपनी इस्पितळांना औषधं पुरवते हे आपण जाणताच. कुठलं औषध कुठल्या फळीवर आहे आणि कुठल्या ट्रकमध्ये चढायचं, ही सगळी माहिती डेटा सेंटरमधल्या डिस्कवर असते. डिस्क माझ्या ताब्यात, आणि संगणकांना जोडणारं नेटवर्क साडूंच्या. आजवर माझ्या डिस्कची वाट वेगळी होती, त्यांच्या नेटवर्कची वेगळी. त्यामुळे आपल्याच बैठकीच्या खोलीत त्यांनी मला 'गोदामाचा रखवालदार' म्हटल्यापासून (मी त्यांना 'तारा ओढणारा' म्हणालो हे खरं, पण नंतर) एकमेकांशी अवाक्षर न बोलता आमचं उत्तम चाललं होतं. ते आमच्या वरिष्ठांना, लंबूसाहेबांना, बघवलं नाही. त्यांनी हुकूम काढला की माझ्या जुन्या डिस्क, साडूंनी आणवलेल्या नव्या डिस्क आणि ऑफिसच्या साध्या फायली, सगळं यापुढे एकाच नव्या नेटवर्कवरून जाईल. काम दोन्ही जावयांनी मिळून करायचं. (त्यांनी 'दोन्ही विभागांनी' असं लिहिलं होतं. विभागात माणसं आम्हीच.)

यात एक मेख आहे, ती सांगतो. ऑफिसची फाईल वाटेत थोडी गळली तर पुन्हा पाठवता येते. डिस्कच्या मालाचं तसं नाही, तो गळू लागला की सर्व्हर रुसून बसतो. म्हणून नव्या स्विचमध्ये (नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी) वेगवेगळ्या रांगा असतात, आणि ठरावीक रांगेला बजावून ठेवायचं असतं की गर्दी झाली तर काही टाकू नकोस, मागच्याला थांबव. मात्र तारेच्या दोन्ही टोकांना हे सारखंच ठरलेलं हवं. मी माझ्या डिस्कसाठी तिसरी रांग धरली. साडूंनी त्यांच्या डिस्कसाठी चौथी.

मी जुन्या खोलीत, ते समोरच्या नव्या खोलीत, मध्ये फक्त व्हरांडा. बोलायचं नाही हे कायमच. तेव्हा माझा फोन थोरलीला, त्यांचा फोन धाकटीला, आणि दोघी आमच्या जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर. (ही व्यवस्था कुणी केली नाही, ती होत गेली.) 'केबल काढ', 'केबल लाव' इथपर्यंत निरोप चोख पोचले. मग मी म्हटलं, "त्याला सांग, तिसरी रांग चालू कर, चौथी बंद." पलीकडे बराच वेळ काहीतरी चाललं, आणि थोरली म्हणाली, "हो म्हणतायत." त्याआधी त्यांनी चौथीचा आग्रह धरला होता, तेव्हा मी 'चौथी माझ्या मेल्यावर' असं स्पष्ट सांगितलं होतं. ते त्यांच्यापर्यंत 'बरं, करतो म्हणाले' असं पोचलं. आपण मुलींना मन राखायला शिकवलंत याबद्दल तक्रार नाही, बाबा. पण स्विचला मन राखणं कळत नाही.

नव्या नेटवर्कवर डिस्कचा माल सोडला आणि सर्व्हरवरून एकेक डिस्क दिसेनाशी झाली. गोदामातले पडदे गोठले. ट्रक भरायचे थांबले. एका इस्पितळाचा फोन आला की सलाइन संध्याकाळपर्यंत पुरेल, पुढे नाही. लंबूसाहेब दारात येऊन घड्याळाकडे बघत उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी फोनमध्ये ओरडलो, "तो हो म्हणाला होता ना?"

थोरली म्हणाली, "अहो, ते नाही म्हणाले होते. जरा जास्तच नाही म्हणाले होते. ते शब्द मी तुम्हाला कसे सांगणार?"

मी व्हरांड्यात धावलो. समोरच्या दारातून साडू बाहेर आले, तसाच लाल चेहरा. "तिसरी कशाला?" ते म्हणाले. "चौथी कशाला?" मी म्हटलं. एवढ्यावरच उजेड पडला. माझ्या डिस्कना तिसरी लागते, त्यांच्या डिस्कना चौथी, आणि दोन्ही रांगा दोन्ही टोकांना चालू ठेवता येतात. दोघांचंही बरोबर होतं, बाबा. यासारखी पंचाईत नाही. मग ते टाइप करत गेले, मी कपाटामागे आडवा होऊन तारा तपासत गेलो (पाठ ती हीच). डिस्क परत आल्या. सलाइनचा ट्रक पहिला सोडला. तो वेळेत पोचल्याचा निरोप आला तेव्हा साडू खाली फरशीवरच बसले आणि मी त्यांना पाणी दिलं.

घरी येताना आम्ही वाटभर बोलत होतो. आमच्या दाराला कुलूप. दोघी फोन बंद करून आपल्याकडे निघून गेल्या होत्या. त्यांना मध्ये घातलं आणि वर त्यांच्यावरच ओरडलो, तेव्हा त्यांचा राग रास्त आहे. तो उतरला की त्यांना पाठवून द्यावं. घर खायला उठतं.

आईंना नमस्कार. कळावे,
आपला थोरला जावई

ता. क. घर खायला उठतं हे खरं, पण पुढच्या रविवारपर्यंत उठू दे. उरलेलं अर्धं काम त्या दिवशी आहे, आणि मध्ये कुणी नसलं की आमचं छान जमतं. तोवर दोघींना काहीतरी निमित्त काढून ठेवून घ्यावं. हे पत्र खरं त्यासाठीच.

ता. क. (दुसऱ्या हस्ताक्षरात) बाबा, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. थोरलीचं आपण बघा, पण धाकटीला आजच पाठवा. साडूंना आता माझ्याशी बोलायची सवय लागली आहे. सकाळी फोन, दुपारी फोन, जेवताना फोन. फोन उचलून 'ते घरी नाहीत' म्हणणारं कुणीतरी घरात हवं. मी स्वतः म्हणून पाहिलं, आवाज ओळखतात.