ठमीचं बसकर

ठाणे,
२० जुलै २००३

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. भावजींनाही सांग.

तुझं पत्र मिळालं. उत्तर मुद्दाम अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतेय. तुमच्या शेणव्याच्या घरी फोन आहे खरा, पण तो ओटीवर, आणि ओटीवर तुझ्या सासूबाई. मी 'हॅलो' म्हटलं की तू बोलायच्या आधी त्यांचाच श्वास ऐकू येतो! पोस्टमनला बजावून ठेव, माझं पत्र तुझ्याच हातात द्यायचं म्हणून.

मी बरी आहे. किन्हवलीला आईची कंबर पुन्हा धरली होती. भाताच्या आवणीला जाऊ नकोस म्हणून मी घसा फोडून सांगितलं, तरी काळूरामकाकांच्या शेतावर गेलीच. वर मला म्हणते, "बसून काय करू गो, माशा मारू?" तिच्याशी कोण डोकं लावणार.

तू लिहिलंयस, 'पल्लू, तू तिथं करतेस तरी काय ते एकदा नीट सांग, आमच्या सासूबाई इचारतात.' सांगते. मीटरमध्ये, पंपाच्या स्टार्टरमध्ये नखाएवढी चिप असते. तिच्यातला प्रोग्राम चार जण तुकड्या-तुकड्यांनी लिहितात. कंपायलर एकेक तुकडा चिपच्या भाषेत उतरवतो. मग लिंकर ते सगळे तुकडे जोडतो आणि चिपमध्ये कोणी कुठं बसायचं ते ठरवतो. आमची कंपनी ही असली हत्यारं बनवते. आमचा लिंकर आजवर पंगतीत वाढप्यानं बसवावं तसा बसवायचा, येईल तो पुढच्या जागेवर. आता गिऱ्हाईक म्हणतं, कोण कुठं बसेल ते आम्ही लिहून देऊ, तुमच्या लिंकरनं ते वाचून तसंच बसवायचं. त्या लिहून दिलेल्याला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. ती वाचायला आमच्या लिंकरला शिकवायचं काम साहेबांनी माझ्या एकटीच्या गळ्यात घातलंय. काम अवघड आहे, पण खरं सांगू? मजा पण येते. सकाळी डोळे उघडले की आधी तेच आठवतं.

तू विचारलेली दुसरी गोष्ट, तुझ्या दिराची, रूपेशची. सासूबाईंना दसऱ्याच्या आत होकार पाहिजे, आणि मी हो म्हटलं की आपण दोघी बहिणी एका घरात, जन्मभर. वाचलं. दोनदा वाचलं. त्याचं असं आहे ताई, या अंतर्देशीय पत्राला आता दुमडायची बाजूच तेवढी उरलीय. पुढच्या पत्रात लिहिते.

तुझी,
पल्लू


किन्हवली,
३१ ऑगस्ट २००३

प्रिय ताई,

काल तुला भेटून आले आणि आज पत्र लिहायला बसलेय. हसशील. पण काल तुझ्यासमोर बसले आणि तोंडाला कुलूपच लागलं. तू पोरांना सुकडी वाढताना दर दोन वाट्यांमागे माझ्याकडे बघत होतीस, ते मला कळत होतं.

आधी माझं रडगाणं ऐक. ऑफिसात माझी चांगलीच फजिती झालीय. लिंकर आता स्क्रिप्ट वाचायला लागला, सांगितलेले तुकडे सांगितलेल्या जागी बसायला लागले. मी आपली हवेत! आमचं पहिलं गिऱ्हाईक विजेचे मीटर बनवतं. त्यांनी मीटर जोडले, चालू केले, आणि सगळे ठार बंद. साहेब चिडले. "पल्लवी, आठवड्यात सापडलं नाही तर स्क्रिप्टचं काम बंद. जुनाच लिंकर पाठवू त्यांना." ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना.

आणि ते काल तुझ्या अंगणवाडीत सापडलं. हो, तुझ्याच!

तुला आठवत पण नसेल. दाराजवळ एक बसकर रिकामं होतं. बाळ्या त्यावर जाऊन बसला. तू वाढता वाढता म्हणालीस, "ऊठ रे, ते ठमीचं हाय."

"ठमी आली नाय!"

"येल. ओहळ उतरला की वाडीवरून येल."

"मंग तवर मी बसतो ना."

"नाय म्हनले ना? ती आल्यावर उभी राहील व्हय?"

बाळ्या तणतणत उठला. मी मात्र तिथंच टाळी वाजवायची बाकी ठेवली. अगं, मीटरवाल्यांनी पण स्क्रिप्टमध्ये थोडी जागा राखून ठेवायला सांगितली होती. तिथं प्रोग्राममधलं काही बसायचं नव्हतं. प्रत्येक मीटर तपासून झाला की त्याचे-त्याचे आकडे कारखान्यातलं यंत्र तिथं भरणार होतं. मागाहून. माझ्या लिंकरनं पाहिलं, इथं तर काहीच नाही, म्हणजे मोकळी! दिला दुसराच तुकडा बसवून. मग यंत्रानं आकडे भरले ते त्या तुकड्याच्या उरावर. मीटर बंद पडणार नाहीत तर काय! लिंकरचा बाळ्या झाला होता, आणि त्याला उठवणारं कुणी नव्हतं. उद्या गेल्या गेल्या दुरुस्त करते.

रूपेशनं स्टँडवर सोडलं. चांगला आहे गं तो, त्याला नाव ठेवायला जागा नाही. वाटेत एकदाच बोलला. "लग्नानंतर ठान्याला जायचा काय संबंध? आसनगावच्या कंपनीत माझा पगार हाय ना." वाईट बोलला नाही. प्रेमानंच बोलला. तेवढ्यात मुरबाडची गाडी आली आणि मी चढले.

त्याआधी घरी जेवताना तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "आता कुनाचा का होईना, या घरात पाळना हलू दे." तू लगेच उठून पाणी आणायला गेलीस. तांब्या भरलेलाच होता, ताई.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर याही पत्रात राहिलं. आई हाक मारतेय.

तुझी,
पल्लू


ठाणे,
२८ सप्टेंबर २००३

प्रिय ताई,

या वेळी पाकीट घेतलंय आणि आत कोरे कागदही जास्तीचे घेतलेत. म्हणजे जागा नाही ही सबब चालायची नाही.

आधी गोड बातमी. मीटर चालू झाले! राखलेली जागा रिकामी दिसली तरी ती भरलेलीच धरायची, आणि कुणी तिथं घुसायला लागलं तर लिंकरनं ओरडून सांगायचं, असं करून दिलं. साहेबांना समजावताना माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ती ठमीची जागा आहे." ते चष्म्यावरून बघतच राहिले. पण स्क्रिप्टचं काम बंद झालं नाही. आता आमच्या लिंकरला स्क्रिप्ट कळते, आणि ती शिकवणारी किन्हवलीची पल्लवी आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, आता जेव नीट."

आता तुझं उत्तर.

नाही. ताई, मी रूपेशशी लग्न करणार नाही.

लिहिलं एकदाचं. तू रागावशील, चार दिवस बोलणार नाहीस, ते मी सोसेन. रूपेशमध्ये खोट नाही. मला तो नवरा म्हणून नकोय, आणि हे काम मला सोडायचं नाही. एवढंच खरं तर पुरे होतं, आणि एवढंच मी पहिल्या पत्रात लिहू शकले असते. पण तुझं काय होईल या भीतीनं गप्प बसले.

कारण मला माहीत आहे ताई, तू मला का बोलावतेस. दुसऱ्या घरची कुणी धाकटी जाऊ आली, तिला मूल झालं, की त्या घरात तू कोण? तिची धुणी धुणारी. आणि मी आले तर माझं मूल तुझ्या मांडीवर वाढेल, तुला मोठी आई म्हणेल, आणि मग तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. हेच ना? तू तोंडानं कधी म्हटलं नाहीस. तो भरलेला तांब्या बघितला त्या दिवशी मला कळलं. बसमध्ये पदर तोंडाला लावून रडले मी, शेजारची बाई विचारत होती, पोट दुखतंय का म्हणून.

तुला एक विचारते, राग मानू नकोस. लग्नाला आठ वर्षं झाली. शहापूरच्या डॉक्टरीणबाई, कल्याणचे डॉक्टर, पोटावरचे लेप, कसली कसली मुळं, सगळं तुझ्यावर झालं. सगळ्यांनी सांगितलं, तुझ्यात दोष नाही. भावजींना एकदा तरी कुणी तपासलं? इंद्रजीतभावजी देवमाणूस आहेत हे मीच दहा जणांना सांगते. पण देवमाणसाला दवाखान्याची पायरी चढायला काय होतं? त्यांना इथं घेऊन ये. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय, मी सोबत येईन. निकाल काही लागो. मूल होईल असं वचन मी देत नाही. पण वांझ हे नाव तुझ्या एकटीच्या कपाळी मारून ते लोक मोकळे झालेत ना, ते मला सहन होत नाही. मला संताप येतो, ताई. लहानपणी माझी पाटी फोडणाऱ्या लडकूला झोडपायला धावली होतीस तू. स्वतःसाठी तुला कधी धावता आलं नाही.

नकार मी सांगणार, तू नाही. शनिवारी सकाळी, तू अंगणवाडीत असताना, सासूबाईंना फोन करीन. रूपेशशीही मीच बोलेन. तू म्हणायचं, 'मला काय ठाव, ती पहिल्यापासून आगाऊच हाय.' सगळ्यांना पटेल.

आणखी एक. रंजना म्हणून ऑफिसातली मैत्रीण आहे, तिच्यासोबत मी कळव्याला खोली घेतलीय. माझी खाट भिंतीकडे आहे. खिडकीखाली खाटेएवढी जागा मी मोकळी ठेवलीय, तिथं आईची गोधडी घडी करून ठेवलीय. परवा रंजना तिची मोठी ट्रंक तिथं सरकवायला लागली. "इथं कुणीच नाहीये की," म्हणाली.

मी म्हटलं, "उचल. ते ठमीचं आहे."

"ठमी कोण?"

"माझी ताई."

आठ दिवसांसाठी ये, चिडून ये, भांडायला ये, कायमची आलीस तरी ये. ओहळ उतरेल तेव्हा ये.

तुझं बसकर कुणालाही न देणारी,
पल्लू