परत येण्याची खात्री

प्रिय तमा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधी हे सांगतो: इथे कुणाला काही झालेलं नाही. मी बरा आहे. अम्मा चालती-फिरती आहे, दोन घास जेवते आहे. दर शनिवारी तुझा फोन येत असताना अप्पाने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. उभा जन्म बसचं चाक धरलेल्या या हाताला पेन धरणं किती जड जातं ते तुला ठाऊक आहे. पण फोन असतो स्टुलावर, मोठ्या आवाजात, आणि अम्मा त्याला कान लावून बसलेली असते. जे सांगायचं ते तिच्यासमोर सांगता येत नाही. ती आता शेजारी रासम्मा अक्काकडे मिरच्या निवडायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो. दाराकडे एक डोळा ठेवून लिहितो आहे, त्यामुळे मागचं पुढे झालं तर समजून घे.

इकडचं म्हणशील तर तो कोरडा, तापलेला कच्चान वारा सुटला आहे. दुपारी अंगण तापून तव्यासारखं होतं, भात वाढेपर्यंत ताटात वाळू येते. आंब्याला यंदा मोहोर धरला नाही. ते दोघे साध्या कपड्यातले पोलीस अजून येतात. पूर्वी दारात उभे राहून दरडावायचे, आता खुर्ची ओढून बसतात, पाणी मागतात, हसून विचारतात, "काय काका, मुलगी काय म्हणते? येणार का इकडे?" मी म्हणतो, कामात असते. ते ग्लास खाली ठेवून म्हणतात, "आली की कळवा हं, आम्हालाही भेटायचंय." म्हणून मी तुला दर वेळी सांगतो, पोरी, इकडचं नाव काढू नकोस. आणि तुझे कॅनडातले कागद तर अजून टांगलेलेच. तो देश एकदा सोडलास तर परत आत घेणार नाहीत. इंडियात कुठे मध्येच भेटावं, तर तेही नाही. राहता राहिली एकच वाट: आम्ही पर्यटक म्हणून यायचं.

ती वाट आम्ही किती तुडवली ते तुला माहीत आहे, पण फोनवर तुला फक्त "नाही म्हणाले" एवढंच कळलं. पहिल्या अर्जाच्या वेळी जाफन्यातल्या त्या व्हिसावाल्या नेसराजाने विचारलं, "मामी, जाण्याचं कारण काय लिहू?" अम्मा म्हणाली, "मुलीला बघायचंय. आठ वर्षं झाली. नातीला तर जन्मल्यापासून नाही." तो कपाळाला हात लावून म्हणाला, "असं लिहिलं तर ते म्हणतील, म्हातारी गेली की तिकडेच बूड टेकणार. आपण धबधबा लिहू. तिकडे मोठा धबधबा आहे, सगळं जग बघायला जातं." तुझ्या आईने त्याला असा झाडला! "समुद्राच्या काठी जन्म काढलेली बाई मी. पाणी बघायला मला कॅनडाला जायचंय होय रे? खरं ते लिही. आई मुलीला बघायला निघाली, यात झाकायचं काय?" खरं ते लिहिलं. नकार आला.

दुसऱ्या वेळी धबधबा लिहिला.

त्यावर उत्तर आलं त्याचा अर्थ असा, की आजवर परुत्तितुरै गावाच्या बाहेर फारशी न पडलेली माणसं एकदम इतक्या लांब फिरायला का निघाली? नेसराजा म्हणाला, "मामा, आधी पासपोर्टावर एखादा शिक्का पाहिजे. इंडियाला जाऊन या. देवदर्शन होईल, शिक्काही होईल." मग आम्ही चिदंबरमला गेलो. तुला आम्ही यात्रा म्हणून सांगितलं होतं, ती ही यात्रा. आरतीच्या वेळी अम्माने पदराखालून दोघांचे पासपोर्ट काढून ज्योतीवर धरले. मला शरम वाटली, पण पुजारी म्हणाला, "धरू द्या, रोज असे पुष्कळ येतात." परतीच्या विमानात ती खुशीत होती. मला म्हणाली, "बघा, गेलो आणि परत आलो की नाही? आता कसं नाही म्हणतील?"

तिसऱ्या अर्जाला कोलंबोत बोटांचे ठसे द्यायचे होते. माझे उमटले. हिचे उमटेनात. नारळ खवून, ताडाची पानं विणून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. काचेवर हात ठेवला की यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवी. खिडकीतली मुलगी सिंहली होती, पण फार गोड. ओल्या फडक्याने हिची बोटं एकेक करून पुसली, आणि मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, भिऊ नका, हात सैल सोडा." अम्मा तिला म्हणाली, "तुझ्याच वयाची आहे गं माझी." त्या मुलीने वर बघितलं नाही, फक्त हिचा हात धरून ठेवला. शेवटी कसेबसे ठसे लागले. बाहेर आल्यावर अम्मा म्हणाली, या मुलीच्या हाताला यश आहे, या वेळी होणार.

उत्तर आलं ते रासम्मा अक्काच्या सुनेने वाचून दाखवलं. ती इंग्रजी शिकवते ना शाळेत. "भेटीचा काळ संपल्यावर आपण देश सोडून परत जाल, याची आमची खात्री पटलेली नाही." अम्माने तिच्याकडून ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाली, "अहो, माझी कोंबडी अंड्यांवर बसलीय. माझ्या लेकाच्या, कुमरनच्या फोटोला रोज फूल कोण वाहणार? मी परत कशी येणार नाही?" सूनबाई हसली, मीही हसलो. अम्मा हसली नाही. ती खरंच विचारत होती.

तमा, त्या दिवसापासून ती निवत गेली. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. विहिरीवर गेली की तिथेच उभी. एकदा मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारली आणि लगेच तोंड पदरात लपवून हसली, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. तुला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मलाही वाटत नव्हतं. वय झालं, दुसरं काय.

पोंगल होऊन गेल्यावरची गोष्ट. मी सहकारी दुकानातून रॉकेल घेऊन आलो तर अंगणातल्या दोरीवर हिच्या सगळ्या चांगल्या साड्या वाळत घातलेल्या. कॅनडासाठी भरून ठेवलेली बॅग ओसरीवर उघडी. मी म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, "प्रवासाचे कपडे आहेत, धुवायला नकोत? विमानात किती लोक बसतात." मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिने अभिरामीसाठी शिवलेला पिवळा परकर उचलला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "पोरगी ताडासारखी वाढलीय हो. हा आखूड झाला तिला, म्हणून परत आणला. नवा शिवून पाठवू." तुझ्यासाठी बांधून ठेवलेले मुरुक्कूच्या चकल्यांचे पुडे तिने दुपारीच गल्लीत वाटून टाकले होते. घरोघरी जाऊन सांगितलं होतं, कॅनडाहून लेकीने दिलेत. लोकांनी घेतले. रासम्मा अक्का संध्याकाळी आली, पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "तम्बी, मी काय बोलणार होते? छान लागतात म्हटलं."

मी आधी समजावून बघितलं. ऐकेना तशी माझी चीड वर आली. कपाटातून ते नकाराचं पत्र काढलं, तिच्यापुढे धरलं. म्हटलं, "पुनिथा, बघ हे. तू कुठेही गेलेली नाहीस. आपल्याला व्हिसा मिळालाच नाही." तिने कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नाही, पण तो कागद तिने ओळखला. मग ती जशी रडली, तशी नकार आला त्या दिवशीसुद्धा रडली नव्हती. जमिनीवर बसली, तुझ्या नावाने हाका मारू लागली. शेजारीपाजारी गोळा झाले. दमून तिथेच झोपली. आणि सकाळी उठली ती पुन्हा कॅनडाहून आलेली. मला चहा देताना म्हणाली, "तिकडचा चहा पाणचट असतो हो, पण तमाने केला म्हणून प्याले."

जाफन्याला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा विसराचा आजार आहे, पुढे वाढेल. आणि म्हणाल्या, "काका, तिचं बोलणं खोडून काढू नका. तुम्ही खरं सांगाल तेव्हा तेव्हा ती नव्याने भाजून निघेल, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं सांगणं विसरेल. मग काय मिळवलं?" ते पत्र मी चुलीत घातलं.

आता गेल्या शनिवारचं. तू फोनवर म्हणालीस, "अम्मा, खचू नकोस. वकिलांशी बोललेय, नवा अर्ज करू. अभिरामी विचारतेय, आजी कधी येणार?" अम्मा "हो हो" म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन उठून गेली. तुला वाटलं तिला रडू आलं. तसं नव्हतं. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. मला म्हणाली, "अहो, तमाला काय झालंय? मी आत्ताच जाऊन आले ना? एका अंथरुणावर झोपलो आम्ही. ती कशी विसरली?" मग अगदी हळू, "माझं काही चुकलं का तिकडे? मी नकोशी झाले होते का तिला?" तेव्हापासून तिचं जेवण दोन घासांवर आलं आहे. कालपरवा देवळात जाऊन नवस बोलून आली. लेकीच्या डोक्याला काहीतरी झालंय, तिची आठवण परत येऊ दे, म्हणून.

म्हणून हे पत्र. हे मिळाल्यावर शनिवारी फोन केलास की नव्या अर्जाचं काढू नकोस. तिला विचार, "अम्मा, सुखरूप पोचलीस ना? प्रवासात त्रास नाही ना झाला?" म्हण, परकर आखूड झाला त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अभिरामीलाही शिकवून ठेव. म्हणावं, आजी, तू गेल्यापासून करमत नाही. माझ्या लेकीला मी खोटं बोलायला सांगतो आहे. दुसरा इलाज असता तर सांगितलं नसतं. वकिलालाही थांबव. हिला आता इतक्या लांब नेता येणार नाही, आणि हिला टाकून मी एकटा कुठे येऊ? आपली गाठ पडेल असं मी स्वतःलासुद्धा सांगायचं बंद केलं आहे. दिवेलागणीला आम्ही दोघं ओसरीवर बसतो तेव्हा मीच विषय काढतो. तमा वाळलीय का, विचारतो. तिचं घर कसं आहे, अभिरामी कुणावर गेली आहे. ती सांगत सुटते. तू विमानतळावर चपला हातात घेऊन धावत आलीस म्हणे. केस पिकायला लागलेत म्हणे तुझे. यातलं अक्षरही खरं नाही हे कळत असून मी ऐकत राहतो, कारण तुझी बातमी आणणारं दुसरं माणूस मला कुठे आहे? परवा मी विचारलं, आणि माझी आठवण काढली का तिने? तर म्हणाली, "म्हणजे काय! दारातच भांडली माझ्याशी, अप्पांना का नाही आणलंस म्हणून." तमा, फोनवर तेवढं एक तिला विचार, मोठ्याने. मी शेजारीच बसलेला असेन.

अजून तुझाच,
अप्पा