सरासरीने श्रीमंत

कार्सन, कॅलिफोर्निया
रविवार, प्रार्थना झाल्यावर, जेवणाआधी

तीर्थरूप फुआतिनोताईच्या पायाशी धाकट्या पेनिअमिनाचा दंडवत. (खरा दंडवत आता घालता येत नाही, गुडघा विमानतळावर बॅगा उचलून उचलून कामातून गेला. पण मनाने मी पुरता आडवा झालो आहे असं समज आणि पत्र वाचून होईपर्यंत मला उठ म्हणू नकोस.)

पायाची सूज उतरली का? मीठ कमी कर म्हटलं की तुला राग येतो म्हणून म्हणत नाही. भावोजींचा खोकला कसा आहे? चर्चचं छप्पर झालं का, की पाद्रीबाबा अजून छत्री उघडूनच प्रवचन देतात? इकडे सगळं क्षेम. तुझी भावजय आकेनेसे ठीक आहे (माझ्याशी बोलत नाही, पण ठीक आहे). तुझी लेक इआनेता ठीक आहे (तीही बोलत नाही). चर्चमधली मंडळीही ठीक आहेत, समोरून आलो की रस्ता ओलांडतात, एवढंच. त्यामुळे घरात इतकी शांतता आहे की पत्र लिहायला सवड मिळाली. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू सगळ्यात आधी विचारतेस, "आता काय केलंस?" आणि मग मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान माझं बोलणं संपेपर्यंत तुला थांबावं लागतं.

तर झालं असं. आपल्या चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलांची शिकवणी चालायची हे तुला इआनेताने सांगितलं असेलच. शिकवायला एक बाई यायच्या, त्यांचा पगार इथल्या एका निधीतून मिळायचा. इआनेताची सगळी भिस्त त्या शिकवणीवर. सामोआतल्या तुतुइला बेटावरून तू तिला माझ्या हवाली केलीस ती कॉलेजात जावी म्हणून, आणि हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. तिच्या गणितात आता आकडे कमी आणि अक्षरं जास्त असतात. आमच्या घरात त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नाही. मी एकदा मदत करायला बसलो, तर पोरीने अर्ध्या तासाने हळूच विचारलं, "मामा, तुला झोप आली असेल ना?" इतकी गुणी पोर आहे.

आता या निधीवाल्यांच्या डोक्यात आलं की ही शिकवणी गरजूंसाठी आहे, आणि तुम्ही कुठे गरजू? कसं, ते ऐक. इथे सरकारी कागदावर माणसांचे रकाने असतात. गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. आमच्यासाठी त्यांना जागा पुरली नाही बहुतेक, म्हणून आम्हाला आशियाई लोकांच्या रकान्यात ढकलून दिलं. म्हणजे जपानी, चिनी, कोरियन, हिंदुस्थानी, फिलिपिनो आणि शेवटी दाराशी उभे असल्यासारखे आपण सामोआवाले. मागच्या गल्लीत डॉक्टर माएंग राहतात, कोरियन, दातांचे डॉक्टर. त्यांची बायको डोळ्यांची डॉक्टर. मुलगा कसला डॉक्टर व्हायचं ते अजून ठरवतोय. भला माणूस आहे, दिसला की हात करतो. पण त्यांच्या घरातली शिक्षणं आणि माझ्या घरातली शिक्षणं एकत्र करून सरासरी काढली, तर मी अर्धा दंतवैद्य होतो! आणि ताई, या अर्ध्या दंतवैद्याची दाढ गेलं वर्षभर दुखतेय, पण ती उपटायची ऐपत नाही. कागदावर मात्र आमचा रकाना असा सुखी, असा शिकलेला, की वाचून मलाच आमचा हेवा वाटला.

निधीच्या समितीने आम्हाला बोलावलं. या म्हणाले, तुमचं म्हणणं मांडा. चर्चच्या मंडळींनी एकमताने मला पुढे केलं. का, तर मी घराण्याचा तुलाफाले. चार लोकांत उभं राहून बोलायचं हा आपला वडिलोपार्जित मान. मीही फुगलो. बाबांची काठी आणि काथ्याची चवरी फडताळातून काढली, चवरीला तेल लावलं. इआनेता स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामा, एकच वाक्य बोलायचं. आम्हाला जमत नाहीये, मदत करा. बस. म्हणून दाखव." मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "महासागराच्या नऊ लाटांवरून आलेल्या..." "मामा!" "बरं बरं. तारे ज्यांना वाट दाखवत होते त्या..." तेवढ्यात आकेनेसे भांडी घासता घासता म्हणाली, "अगं, त्याला 'मीठ दे' म्हणायचं तरी आधी पणजोबाचं नाव घ्यावं लागतं. तू कुठे नादी लागतेस!" इआनेता हसली, पण पुन्हा म्हणाली, एकच वाक्य मामा. मी म्हटलं, हो गं, कळलं मला.

पण तुलाच विचारतो, आपल्यात कधी तुलाफाले परक्या सभेत उभा राहून आम्ही कमी आहोत असं म्हणाला आहे का? घरात दाणा नसला तरी पाहुण्यापुढे डुक्कर भाजायचं, हे तूच मला शिकवलंस ना? (दोष देत नाही. नुसतं आठवण करून देतोय.) तर रिकाम्या हाताने सभेला कसं जायचं म्हणून आम्ही एक अख्खं डुक्कर भाजून नेलं, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली अळूची पानं, अननसाचं सारण भरलेले पाई. समितीच्या अध्यक्षा ताकेमोतोबाई, जपानी आहेत, बारीक आवाजाच्या. त्या म्हणाल्या की समितीला काही घेता येत नाही. मला वाटलं, किती विनयशील बाई! मी आग्रह केला. जपानी माणसाला आग्रह मोडवत नाही हे मला तेव्हा कळलं.

आमच्या आधी एका कंबोडियन बाईची पाळी होती. सोफियाप तिचं नाव, डोनटचं दुकान चालवते, आमच्याच रकान्यातली. हिच्या लोकांवर तिकडच्या कत्तलीत काय काय गुजरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण रकान्याला ते कुठे दिसतं? तिने ना नमस्कार केला, ना कुणाची विचारपूस. उभी राहिली आणि म्हणाली, "आमची पोरं शाळा सोडतात. आम्हाला शिकवता येत नाही, आम्हीच शिकलो नाही. मदत लागेल." आणि खाली बसली! मला तिचीच लाज वाटली. म्हटलं, काय ही बाई, चारचौघांत असं बोलतात का? समितीचे लोक भराभर लिहून घेत होते. मी उभा राहिलो तेव्हा त्यांनी पेनं खाली ठेवली आणि काटे उचलले. तिथेच मला कळायला हवं होतं.

ताई, मी काय बोललो! असा आवाज मला बाबा गेल्यावर पहिल्यांदा लागला. ताकेमोतोबाई मला हात देऊन वर काढायला बघत होत्या आणि मी त्यांचा हात झटकत होतो. त्यांनी विचारलं, मुलांना घरी अभ्यासासाठी जागा मिळते का? मी म्हटलं, आमच्या एका छपराखाली तीन तीन कुटुंबं राहतात, आमच्यात कुणी एकटं पडत नाही! त्यांनी विचारलं, मग मुलं शिक्षण सोडून कामाला का लागतात? मी म्हटलं, कारण आमची मुलं आईबापांना विसरत नाहीत! मागून आपली मंडळी "मालो! मालो!" अशी शाबासकी देत ओरडत होती. शेवटी बाईंनी चष्मा काढला आणि फार हळू विचारलं, "म्हणजे तुम्हाला कसलीच अडचण नाही का, साहेब?" इआनेता शेवटच्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघून तिचे ओठ हलत होते, ते एकच वाक्य म्हणत होती. मला दिसत होतं. आणि मी चवरी खांद्यावर मारली आणि म्हणालो, "आमच्या लोकांनी आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही. देवाच्या कृपेने काही कमी नाही." वर आपल्यातला सगळ्यात मोठा मान म्हणून बाईंना एक बारीक विणीची चटईही भेट दिली. टाळ्यांनी हॉल दणाणला.

निकाल लागायचा तोच लागला. सोफियापच्या लोकांची शिकवणी चालू राहिली. आमच्याबद्दल त्यांनी लिहिलं की हा समाज स्वतःच्या पायावर उभा आहे, फार सुंदर जेवण होतं, आणि शिकवणी या महिन्याअखेर बंद करावी. ज्यांनी "मालो" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या तेच आता विचारतात, "हे काय बोलून बसलास रे?" येताना गाडीत इआनेता एवढंच म्हणाली, "मामा, तू छान बोललास." चिडली असती, रडली असती तर बरं वाटलं असतं गं. घरी येऊन तिने गणिताची वही दप्तरात घातली आणि मला विचारलं, तुझ्या सुपरवायझरचा नंबर देतोस का, बॅगांच्या खात्यात मुली घेतात असं ऐकलंय. मी नंबर आठवत नाही म्हणालो. मोबाइल माझ्या हातात होता.

मला लाज वाटते ताई. कामावर बॅगा उचलताना वाटते, जेवताना वाटते, प्रार्थनेत डोळे मिटले की जास्तच वाटते. तू पोटची पोर माझ्या भरवशावर पाठवलीस आणि मी माझी शान राखायला तिची वाट अडवली. बाकी विशेष काही नाही. मागायचं तर काहीच नाही, नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा नालायक भाऊ,
पेनिअमिना

ता. क. वर ज्या चटईचा उल्लेख आला ती कुठली, असं तुझ्या मनात आलंच असेल. तीच ती. इआनेता पास होईल तेव्हा तिच्या खांद्यावर घालायला म्हणून तू डोळे फोडून विणलेली. घरात दुसरी बरी चटई नव्हती. (आता ती समितीच्या कचेरीत भिंतीवर लावली आहे. लोक बघतात, वाहवा करतात. हे ऐकून तुला बरं वाटणार नाही हे मला माहीत आहे.)

दुसरा ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. येत्या गुरुवारी समितीची फेरसुनावणी आहे. मला परत जाता येतं. पण माझं तोंड उघडणार नाही, मी स्वतःला ओळखतो. एकच मार्ग आहे. थोरल्या बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू मला हुकूम कर. चांगल्या कडक शब्दांत, चर्चच्या मंडळींनाही कळेल असा, की जा आणि मदत माग. तू सांगितलंस म्हणून गेलो तर ते भीक मागणं होत नाही, बहिणीची आज्ञा पाळणं होतं. मग मी मान वर करून मान खाली घालू शकेन.

तिसरा ता. क., शुक्रवार. हे पत्र रविवारपासून फ्रिजवर पडून होतं. टाकायचा धीर झाला नाही, आणि टाकलं असतं तरी गुरुवारच्या आत तुला पोचलं नसतं. काल मी गेलो. कामावरून तसाच, विमानतळाच्या कपड्यांत, चवरी नाही, काठी नाही, खायला काही नाही. उभा राहून म्हणालो, माझ्या थोरल्या बहिणीचा मंगळवारी फोन आला होता, तिने मला फार झापलं, आणि तिच्या आज्ञेवरून सांगतो. तीन कुटुंबं एका छपराखाली राहतात कारण भाडं परवडत नाही. मुलं कामाला लागतात कारण आमचं भागत नाही. माझ्या भाचीचं गणित आमच्या घरात कुणालाच येत नाही. आमच्या रकान्यात एक डॉक्टर राहतात, भला माणूस आहे, पण त्यांना जरा बाजूला उभं करा आणि मग आम्हाला मोजा. एवढं बोलून बसलो. कुणी "मालो" म्हटलं नाही. कान असे तापले होते की वाटलं आता धूर निघेल. ताकेमोतोबाई लिहीत होत्या, बराच वेळ लिहीत होत्या. निकाल पुढच्या महिन्यात. बाहेर पडल्यावर मंडळींपैकी एकजण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझी बहीण भारीच कडक आहे रे!" मी म्हटलं, विचारू नकोस.

इआनेता रात्री वही घेऊन माझ्याजवळ बसली. गणित मला येत नाही हे तिला माहीत आहे, तरी बसली. मग म्हणाली, "मामा, आईचा खरंच फोन आला होता?" मी म्हटलं, आला होता. ती तुला विचारणार आहे. तर ताई, मंगळवारी तू मला फोन केला होतास, आणि फार झापलं होतंस, हे लक्षात ठेव. आणि जमलं तर पत्र मिळताच खरंच फोन करून झाप. म्हणजे माझ्याकडून फक्त वार चुकला, एवढंच होईल.